शेवटच्या पुस्तकाला हात घातला तेव्हा

शिरूरला आमची मंडळी म्हणजे रविवारी संध्याकाळी आमच्या भाड्याच्या घरात सतरंजीवर बसणारी मोजकी माणसं. पाळकसाहेब दौंडहून महिन्यातून एकदा येतात. बाकीचे रविवार आम्हीच गाणी म्हणतो, आम्हीच प्रार्थना करतो आणि शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एखादं पुस्तक घेऊन थोडं थोडं वाचतो. मी शाळेत शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणतात, आणि वाचायचं काम बाईंचंच हे कधी न बोलता ठरून गेलं.

गेल्या दिवाळीनंतर एक पुस्तक वाचून संपलं आणि आता पुढे काय, असा प्रश्न आला. गार्डमामा भिंतीला टेकून बसले होते. ते रेल्वेतले निवृत्त गार्ड. आयुष्य दौंड जंक्शनवर गेलं, बायको गेल्यावर लेकीकडे शिरूरला आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे.

ते म्हणाले, "प्रकटीकरण घ्या."

बायबलचं शेवटचं पुस्तक, जगाच्या अंताचं.

"आता माझ्याच्यानं वाचवत नाही," ते म्हणाले. "पण ऐकायचंय. सगळं आयुष्य शेवटचं स्टेशन सोडून बाकी लाइन पाठ केली मी. बाई, तुम्ही वाचा."

समोर बसलेल्या माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला एवढंच ठाऊक होतं की मला ते पुस्तक आवडत नाही. का आवडत नाही हे मी लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला सांगितलेलं नव्हतं.

मी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. तिसरी-चौथीत असताना आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी भिंतीवर कापडाचा एक लांबलचक तक्ता लावला. त्यावर रंगात सगळं काढलेलं होतं. सात डोकी असलेलं श्वापद, रक्तासारखा चंद्र, आगीचं तळं आणि त्यात हात वर केलेली माणसं. हातातली काठी त्या चित्रांवर टेकवत ते सांगत होते, की एक दिवस जेवता जेवता, चालता चालता विश्वासी माणसं नाहीशी होतील. देव त्यांना उचलून घेईल. जी मागे राहतील त्यांच्यासाठी हे सगळं आहे. काठी आगीच्या तळ्यावर थांबली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुपारी शाळेतून आले तर घराचं दार सताड उघडं. स्टोव्हवर दूध उतू जाऊन करपलेलं, स्टोव्ह चालूच. आईच्या चपला दारात. आई नाही. धाकटी बहीण नाही. मी हाका मारल्या. शेजारच्या क्वार्टरचंही दार उघडं आणि आत कोणी नाही. त्या घरातल्या काकू चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गाणाऱ्या.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला शब्द जमवावे लागत नाहीत, इतकं ते अजून जसंच्या तसं आहे. मला वाटलं, झालं. सगळे गेले आणि मी राहिले. मी स्टोव्ह बंद केला, दप्तर पाठीवर तसंच ठेवून खाटेखाली शिरले आणि तिथे पडून राहिले. बाहेर शंटिंगचं इंजिन शिट्टी देत होतं आणि मी मनात म्हणत होते, ड्रायव्हर पण राहिलाय, तो पण माझ्यासारखाच वाईट असणार.

काकूंना अचानक कळा सुरू झाल्या होत्या. आई अनवाणीच त्यांना धरून रेल्वेच्या दवाखान्यात गेली होती, बहीण तिच्या कडेवर. अंधार पडायच्या आत आई आली. मी काही सांगितलं नाही. दूध करपलं म्हणून तिने मलाच विचारलं, लक्ष कुठं होतं तुझं?

त्यानंतर मी शास्त्र दर वर्षी सुरुवातीपासून वाचत आले आणि दर वर्षी शेवटच्या पुस्तकाच्या दारात थांबून परत उत्पत्तीकडे वळले.

गार्डमामांना नाही म्हणणं मला जमलं नाही. आंधळं होत चाललेल्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती.

पहिल्या रविवारी पहिला अध्याय वाचला. मध्येच थांबून पाणी प्यायले, पुढे वाचलं. मामा डोळे मिटून ऐकत होते आणि एखाद्या ओळखीच्या स्टेशनचं नाव ऐकावं तशी मान हलवत होते. मला वाटलं, जमेल.

पण आमच्यात एक वेल्डर होता. झारखंडचा, पंचविशीतला, रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा. माझा नवरा त्याच कंपनीत स्टोअरला आहे, त्याच्याच ओळखीने तो मंडळीत आला. गळा गोड, मराठी मोडकंतोडकं, मला दीदी म्हणायचा. प्रार्थना संपल्यावर त्याने मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला. मोठ्या आवाजात कोणी तरी हिंदीत सांगत होतं, की त्या पुस्तकात सांगितलेले अंताचे सगळे शिक्के फुटलेत, आता फक्त श्वापदाची खूण उरली, आणि ती खूण म्हणजे तुमच्या बोटाचा ठसा, तुमचा चेहरा, मशीनमध्ये गेलेलं तुमचं सगळं, आणि ती घेणारा आगीच्या तळ्यात.

"दीदी, उसमें लिखा है ना? दाहिना हाथ, नाहीतर कपाळ?"

लिहिलेलं आहे, मी म्हटलं. तेराव्या अध्यायात. न वाचताही मला ते माहीत होतं.

"तो पहले वही पढ़ते हैं," तो म्हणाला.

मामा म्हणाले, क्रमाने जाऊ. पण तोवर इतरांनाही तेच ऐकायचं होतं. एकाने विचारलं, रेशनला अंगठा देतो त्याचं काय? दुसरीने विचारलं, लेकराला शाळेत आधार लागतं त्याचं काय? मी मधल्या आठवड्यात तेरावा अध्याय घरी एकटीने वाचायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर पुस्तक मिटलं.

त्या दिवसांत मला सगळीकडे तो तक्ता दिसू लागला. उसाचं पाचट पेटवलं की संध्याकाळचं आभाळ लाल व्हायचं, दर हिवाळ्यात होतं तसंच, पण मी खिडकी लावून घ्यायची. शाळेत फळ्यावर पाढे लिहिताना मला मागे वर्ग शांत झाल्यासारखा वाटायचा आणि मी झटकन वळून मुलं आहेत ना ते बघायची. पोरं हसायची. मी पण हसायची.

मग एक दिवस नवरा कामावरून आला आणि बूट न काढताच म्हणाला, "तुमच्या वेल्डरने अंगठा बंद केलाय."

"म्हणजे?"

"हजेरीला अंगठा देत नाही. आता चेहऱ्याचं मशीन आलंय, त्याच्यापुढेही उभा राहत नाही. सुपरवायझर म्हणतो, पंच नाही तर हजेरी नाही. तो गेटच्या बाहेर उभा आहे सकाळपासून. मी समजावलं. मला म्हणतो, दीदींना विचारा, त्यांनीच सांगितलं, लिहिलेलं आहे म्हणून."

मी खाली बसले. इतके दिवस भीती माझी होती. आता ती माझ्या तोंडून निघून एका माणसाच्या पोटावर जाऊन बसली होती.

पुढच्या रविवारची सभा निमोण्याला ठरलेली होती, आत्यांच्या वस्तीवर. आत्या आमच्या मंडळीच्या म्हणाव्यात तर नाहीत, आणि परक्याही नाहीत. धनगराचं घर. आधी मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे, आता ऊस लावून स्थिर झालेत, तरी पाच-पंचवीस मेंढरं दारात आहेतच. त्या शिरूरला दवाखान्यात होत्या तेव्हा शेजारच्या खाटेवर आमच्यातली एक बाई होती. तिच्याजवळ बसून आम्ही गाणी म्हटली, ती त्यांना आवडली. तेव्हापासून त्या येतात. त्यांचे मालक, आबा, देव्हाऱ्याला दिवा लावून पडवीत बसून राहतात आणि चहा झाला का ते बघतात.

"दिस हाय तवाच या आन् दिस हाय तवाच जा," आत्यांनी फोनवर बजावलं होतं. "कालव्याच्या चारीच्या कडंला दोनदा दिसलाय त्यो."

तो म्हणजे बिबट्या. आमच्याकडे नाव घ्यावं लागत नाही. वनखात्याने पलीकडच्या मळ्यात पिंजरा लावला होता.

आम्ही आमच्या जुन्या व्हॅनमधून चौघेच गेलो. मी, नवरा, गार्डमामा आणि वेल्डर. बाकीच्यांनी बिबट्याचं ऐकून काढता पाय घेतला. वेल्डर मागे खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

तेरावा अध्याय मी वाचला. कसा वाचला ते आठवत नाही, फक्त बोट ओळीखालून सरकत होतं ते आठवतं. समुद्रातून वर आलेल्या त्या श्वापदाचं वर्णन आलं, ते चित्त्यासारखं होतं असं वाचलं, तेव्हा आत्यांनी मला थांबवलं.

"चित्ता म्हंजी बिबट्याच की व्हय?"

"तसाच," मी म्हटलं.

"मंग त्यो आमच्या उसात हाय," आत्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "गेल्या साली आमचं एक कुत्रं नेलं. पर त्याला कोन नमस्कार घालील?"

खुणेचा भाग आला आणि वाद सुरू झाला. नवरा वेल्डरला म्हणाला, "अरे, हजेरीचं मशीन आहे ते. घरी आईबाप तुझ्यावर आहेत."

"भैया, पेट के लिए ही तो देंगे सब लोग. ऐसा ही लिखा है. बिना उसके ना खरेदी, ना बिक्री." त्याचा आवाज चढला. "मैं पीछे नहीं छूटना चाहता."

शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं. मागे राहायचं नाही. मला त्याचा चेहरा दिसेना, मला खाटेखालची अंधारी जागा दिसली. मी त्याला समजावायला हवं होतं. माझंही मत त्याच्यासारखंच असेल तर, असं वाटून मी पुस्तकाची पानं नीट करत राहिले.

बोलण्यात वेळ गेला. कोणाचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. बाहेर उजेड मावळला.

कुत्रं भुंकत होतं ते एकाएकी थांबलं. जाळीच्या कुंपणात मेंढरं एका बाजूला धावली, त्यांच्या खुरांचा आवाज आला. आबा पडवीतून आत आले, दार लोटलं आणि कडी घातली.

"आला," ते म्हणाले.

आम्ही सगळे उभे राहिलो. आत्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"मामा कुठं हायती?"

भिंतीजवळची खुर्ची रिकामी होती. काठी नव्हती. वाद रंगला असताना मामा उठले होते आणि आबांना विचारून अंगणापलीकडच्या संडासाकडे गेले होते. आबांना वाटलं, परत आलेत. संडास उसाच्या बांधाला लागून.

मला प्रार्थना सुचली नाही. इतक्या वर्षांची सवय, पण एक शब्द आला नाही. डोक्यात नुकत्याच वाचलेल्या ओळी गरगरत होत्या. नवरा खिडकीतून ओरडला, "मामा! आतच थांबा! कडी लावा!"

पलीकडून मामांचा आवाज आला, जरा वैतागलेला. "अरे, कडी सापडत नाहीये मला!"

त्या दाराला कडी लागलेली नव्हती. मामा ते हाताने ओढून धरून उभे होते.

कोणी काही ठरवायच्या आत वेल्डरने चुलीजवळची लोखंडी परात उचलली, दुसऱ्या हातात पळी घेतली आणि कडी काढून तो बाहेर गेला. सरळ अंगणातून पळत. परात वाजवत, कसल्या तरी आपल्या भाषेत ओरडत. आबा त्याच्या मागे बॅटरी घेऊन गेले, नवरा व्हॅनकडे धावला आणि त्याने हॉर्न दाबून धरला.

मी उंबऱ्यात उभी राहिले. पुढे पाऊल टाकवेना आणि दारही लावता येईना. बॅटरीचा झोत बांधावर गेला तेव्हा तो मला दिसला. उसाला लागून बसलेला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. तो आमच्याकडे नुसता बघत होता, आवाजाचं काही नसल्यासारखा. मग उठला, सावकाश वळला आणि उसात गेला. पात्यांची सळसळ थोडा वेळ ऐकू येत राहिली आणि ती बंद झाली तेव्हा जास्त भीती वाटली.

वेल्डर मामांना खांद्याला धरून घेऊन आला. संडासाच्या दाराला पाठ लावून तो उभा राहिला होता, आबा येईपर्यंत. आत आल्यावर त्याच्या हातातली परात खाली पडली आणि तो भिंतीला धरून खाली बसला. आत्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं.

"मला दिसलं काहीच नाही," मामा खुर्चीत बसत म्हणाले. "वास आला फक्त. ओल्या पोत्यासारखा. मी दार ओढून धरलं आणि म्हटलं, आता काय ते तूच बघ." ते थोडं थांबले. "घाबरलो रे बाबा. खूप घाबरलो."

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर, तोंडात पदर धरून. आत्या माझी पाठ चोळत राहिल्या. मग मी दौंडच्या त्या दुपारचं सांगितलं, करपलेल्या दुधापासून खाटेखालच्या अंधारापर्यंत. नवरा माझ्याकडे बघत होता. वेल्डरने घोंगडीतून मान वर केली.

"दीदी, आपको भी?"

"मला अजूनही," मी म्हटलं.

आबांनी फोन केले होते. शेजारच्या वस्त्यांवरून ट्रॅक्टर घेऊन माणसं येणार होती, ती येईपर्यंत निघता येत नव्हतं. चहा झाला. मामा म्हणाले, "बाई, शेवटचं पान वाचा. लोकांना इथं मध्येच उतरवून जाऊ नका."

मी वाचलं. ते नवं शहर, डोळ्यांतलं पाणी पुसणारा देव, आणि त्या शहराच्या वेशी, ज्या कधी बंद होत नाहीत कारण तिथे रात्रच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पान मोठ्याने वाचत होते. आत्या कडी घातलेल्या दाराकडे बघत ऐकत होत्या.

"दार लावायचंच न्हाई? कवाच?"

"कधीच नाही."

"मंग हे आदी का न्हाई वाचलं?" त्या जवळजवळ रागावून म्हणाल्या.

मी पुस्तक मिटलं.

ट्रॅक्टर आले, आमच्या पुढे-मागे चालले, डांबरी रस्त्यापर्यंत सोडून गेले. सकाळी कळलं, एक कोकरू गेलं होतं. पुढे पिंजऱ्यात एक मादी सापडली, पण त्या रात्रीची हीच का हे कोण सांगणार? चारीच्या कडेला अजून दिसतो म्हणतात.

वेल्डरने लगेच अंगठा दिला नाही. पाळकसाहेब दौंडहून मुद्दाम आले आणि त्याच्या खोलीवर जाऊन त्याच्याशी बराच वेळ बोलले. ते पुस्तक लिहिलं त्या काळच्या विश्वासी लोकांना रोमच्या बादशहापुढे गुडघे टेकायला लावत होते, ते नाकारलं म्हणून त्यांचा छळ झाला, हे सगळं त्यांनी समजावलं. "तू त्या मशीनपुढे गुडघे टेकतोस का?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "नहीं, देर हो गई तो गाली देता हूँ." तो कामावर परत गेला. पण अंगठा ठेवताना डोळे मिटून घेतो, असं नवरा सांगतो.

गार्डमामांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. कडी सापडली पाहिजे, एवढंच कारण त्यांनी लेकीला दिलं.

आम्ही पुस्तक पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू केलंय. या वेळी क्रमाने, आणि मोबाइल बाहेर ठेवून. कोणाला भीती वाटली की त्याने सांगायचं आणि मी तिथे थांबायचं, असं ठरलंय. मीच सगळ्यात जास्त वेळा थांबते. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण आता ती वाटते तेव्हा आजूबाजूला माणसं असतात, आणि त्यांनाही ती वाटत असते.

परवा निमोण्याला सहावा अध्याय वाचला. घोडे, तलवार, दुष्काळ, हादरणारी जमीन. आबाही या वेळी पडवीतून उठून उंबऱ्यात येऊन बसले होते.

"पुढच्या बारीला याच्याहून वंगाळ हाय का?" आत्यांनी विचारलं.

मी पानं उलटून पाहिली. "आहे."

"मंग दुपारीच या," त्या म्हणाल्या आणि चहाला उठल्या.